"मुलाला पाठवा" म्हणून आईला परत पाठवलं तर काय करायचं: पालिकेत ज्येष्ठांचा हक्क, वागणूक आणि भाषा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांची आई सत्तरीच्या पुढची, खानदेशातल्या एका नगरपरिषदेच्या गावात राहते. वडील गेले, म्हणून घरपट्टीच्या रजिस्टरला आपलं नाव लावायला गेली. घरात आयुष्यभर अहिराणी बोललेली, मराठी वाचता येतं पण सरकारी पत्र आलं की काही उमगत नाही, कानानेही थोडं कमी ऐकू येतं. काउंटरवर अर्ज हातात घेऊन बघितला आणि परत दिला, एकदा म्हणाले हा कागद कमी आहे, पुढच्या खेपेला दुसराच कागद सांगितला, आणि शेवटी "आजी तुम्हाला नाही कळायचं, मुलाला पाठवा". मुलगा नोकरीसाठी लांब. त्यांना विचारायचंय की कायद्याने काही करता येतं का, आणि आईला मराठी येतंच तर भाषेचा मुद्दा काढायचा का.

मी बरीच वर्षं नगरपरिषदेत काम केलंय, आधी कर विभागात, मग नागरी सुविधा केंद्रात, आणि नंतर काउंटरवर बसणाऱ्यांना ट्रेनिंग द्यायचं काम केलं, त्यामुळे खिडकीच्या आतून हे कसं घडतं ते मला माहीत आहे. कायद्याने करता येतं, भरपूर करता येतं, आणि भाषेचा मुद्दा शंभर टक्के काढायचा.

पण सगळ्यात आधी पोच. तुमच्या आईचा अर्ज अजून कागदोपत्री अस्तित्वातच नाहीये हे लक्षात घ्या. ती गेली, बोलली, परत आली, ऑफिसच्या दृष्टीने काहीच झालं नाही. आवक रजिस्टरला नोंद नाही, नंबर नाही, तारीख नाही. उद्या तक्रार केलीत तर "असा अर्ज आमच्याकडे आलाच नाही" असं उत्तर येईल आणि ते रेकॉर्डप्रमाणे खरं असेल. ज्येष्ठांवर जो अन्याय होतो ना त्यातला मोठा भाग असा तोंडी होतो, रागावून नाही, ओरडून नाही, नुसतं "हे नाही चालणार, परत या" एवढंच, आणि त्याचा कागदावर मागमूस राहत नाही.

यासाठीच महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. नगरपरिषद, महापालिका, ग्रामपंचायत सगळ्यांना लागू आहे. ज्या सेवा अधिसूचित केल्यात, म्हणजे या कायद्याखाली यादी काढून जाहीर केल्यात, त्यांचा अर्ज आला की पोच द्यायची, त्यावर नंबर आणि तारीख हवी. ठरलेल्या मुदतीत सेवा द्यायची किंवा नाकारायची, आणि नाकारायची असेल तर लेखी, कारण लिहून, आणि अपील कोणाकडे किती दिवसांत करायचं ते पण त्यातच सांगून. वारसाहक्काने मालमत्ता हस्तांतरणाची नोंद ही अधिसूचित सेवा आहे, म्हणजे तुमच्या आईचं काम सरळ या कायद्यात बसतं. गावाकडे ग्रामपंचायतीत नमुना ८ चा, म्हणजे घराच्या कर आकारणीचा, उतारा पण असाच अधिसूचित आहे. कोणती सेवा, किती दिवसांत, फी किती, अधिकारी कोण, पहिलं आणि दुसरं अपील कोणाकडे, हे सगळं ऑफिसच्या बोर्डावर लावायचं बंधन आहे. गेल्यावर त्या बोर्डाचा मोबाइलवर फोटो काढायला सांगा कोणाला तरी. बोर्डच नसेल तर ती वेगळी तक्रार होते.

आता यातली एक गोम सांगतो. मुदत मोजायची ती अर्ज सर्व कागदांसह पूर्ण दाखल झाला तेव्हापासून. त्यामुळे "एक कागद कमी आहे" हे वाक्य काउंटरवर फार सोयीचं होऊन बसतं, अर्ज पूर्णच होऊ दिला नाही तर घड्याळ सुरूच होत नाही. आज हा कागद, पुढच्या वेळी तो कागद. यावर इलाज एकच, अर्ज आहे तसा द्यायचा, पोच मागायची आणि सांगायचं की काय काय कमी आहे ते सगळं एकदाच लिहून द्या. तोंडी नको. लिहून द्यायची वेळ आली की समोरचा माणूस सुद्धा नीट यादी बघतो, आणि बऱ्याचदा मागितलेला कागद लागतच नव्हता असं निघतं. अजून एक, मृत्यूचा दाखला. मृत्यू त्याच गावात झाला असेल तर तो दाखला त्याच नगरपरिषदेने दिलेला असतो, दोन टेबल पलीकडे रजिस्टर असतं, आणि तरी म्हातारीला त्याची झेरॉक्स आणायला बाहेर उन्हात पाठवतात. हे बंद करायला कुठलाही जीआर लागत नाही, मुख्याधिकाऱ्यांनी एकदा सांगितलं की होतं.

(जाता जाता, घरपट्टीच्या रजिस्टरला नाव लागणं म्हणजे मालकी सिद्ध होणं नाही, ते कर कोणाकडून घ्यायचा यासाठी असतं. नगर भूमापन झालेलं असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) भूमी अभिलेखच्या ऑफिसात असते, तिथे वारस नोंद वेगळी करावी लागते. दोन्ही कामं सोबतच सुरू करा.)

आता त्या "मुलाला पाठवा" बद्दल. हे बोलणाऱ्याला वाटतं आपण मदतच करतोय, आजींना त्रास नको. पण अर्जदार कोण आहे? आई. नाव कोणाचं लागणार? आईचं. मग तिच्याशी न बोलता तिच्याबद्दल मुलाशी बोलायचं हे कुठल्या नियमात बसतं? कुठल्याच नाही. साठी ओलांडली म्हणून कोणाचा स्वतःच्या घराबद्दल बोलायचा अधिकार मुलाकडे जात नाही. आणि मी कर विभागात बसून जे बघितलंय त्यावरून सांगतो, बरोबर आलेला नातेवाईक प्रत्येक वेळी आजींच्याच बाजूचा असतो असं नाही. तुम्ही आईसाठी धडपडताय हे तुमच्या प्रश्नावरून दिसतंच, पण काउंटरवरच्या माणसाला ते कसं कळणार? पुतण्या घेऊन येतो, सगळं तोच बोलतो, आजी नुसत्या मान हलवतात, शेवटी अंगठा. त्या अंगठ्याने स्वतःचा हिस्सा सोडलाय हे त्यांना माहीत पण नसतं. म्हणून आमच्याकडे मी एक पद्धत लावली होती, वारस नोंद, हक्कसोड किंवा नाव कमी करायचा अर्ज असेल आणि अर्जदार ज्येष्ठ असेल तर पाच मिनिटं एकट्या त्यांच्याशी बोलायचं, नातेवाइकाला बाहेर बाकावर बसवून, आणि विचारायचं की तुम्ही काय अर्ज केलाय ते तुमच्या शब्दांत सांगा. हो-नाही उत्तराचा प्रश्न विचारायचाच नाही. "कळलं ना?" विचारलं की म्हातारं माणूस मानापोटी हो म्हणतं, कळलेलं नसलं तरी. अंगठा असेल तर आधी सगळं वाचून दाखवायचं आणि खाली तसं लिहायचं की अर्जदारास वाचून दाखवले, समजले, आणि वाचून दाखवणाऱ्याची सही घ्यायची, तो त्या नातेवाइकांपैकी नसावा.

बक्षीसपत्र करून घर आधीच कोणाच्या तरी नावावर करून दिलेलं असेल, सांभाळायच्या अटीवर, आणि आता सांभाळत नसतील, तर आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ खाली प्रांत साहेबांच्या न्यायाधिकरणाकडे ते रद्द करून मागता येतं. तो वेगळा विषय आहे, तुमच्या केसमध्ये नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाला लागेल.

भाषेकडे येतो.

कायद्याची बाजू आधी. १९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम होता, पण स्थानिक संस्थांना तो बांधील आहे का यावर पळवाट राहत होती, म्हणून २०२२ मध्ये महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण (राजभाषा) अधिनियम आला, त्याने पालिका-पंचायतींचं कामकाज आणि लोकांशी पत्रव्यवहार मराठीतून करायचा हे पक्कं केलं. त्यानंतर ३ फेब्रुवारी २०२५ चा शासन निर्णय, त्यात सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या ऑफिसात बोलायचं सुद्धा मराठीतच असं सांगितलंय, आणि बाहेरच्या राज्यातून किंवा परदेशातून आलेल्या अमराठी माणसांना त्यातून वगळलंय. म्हणजे इंग्रजीत नोटीस आली किंवा कॉम्प्युटरवरची पावती नुसती इंग्रजीत निघाली तर मराठीत मागायचा तुम्हाला हक्क आहे, तो मागाच.

पण हा कायदा दुसऱ्या कोणाच्या भाषेवर बंदी घालायला नाही हे पण तितकंच ठामपणे सांगायला हवं, कारण काही ऑफिसांत तो तसा वापरला जातो. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या बोर्डावर मराठीसोबत उर्दू होतं, त्यावरून वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांनी निकाल दिला की २०२२ चा कायदा मराठीसोबत दुसरी भाषा वापरायला मनाई करत नाही, नगरपरिषद ही रोजच्या गरजांसाठी लोकांच्या सगळ्यात जवळ असलेली संस्था आहे आणि तिथे लोकांना कळेल असं बोलणं महत्त्वाचं. मला हा निकाल खूप मोलाचा वाटतो. मालेगाव, भिवंडीत उर्दू बोलणाऱ्या आजी, उल्हासनगरला सिंधी बोलणारे आजोबा, अक्कलकोट-जतकडे कन्नड, सिरोंच्यात तेलुगू, धारणी-चिखलदऱ्यात कोरकू, भामरागडला माडिया, धडगाव-अक्कलकुव्यात भिली आणि पावरी, हे सगळे याच राज्याचे कर भरणारे, मत देणारे लोक आहेत. तरुण मुलं शाळेत मराठी शिकलेली असतात. अडचण होते ती म्हाताऱ्यांची, त्यातही बायकांची, ज्यांचं सगळं आयुष्य घर आणि शेत याच्यात आपल्या भाषेत गेलं.

आणि घटनेचं कलम ३५०. फार कमी लोकांना माहीत असतं. गाऱ्हाणं दूर करून घेण्यासाठी संघराज्याच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन द्यायचा प्रत्येकाला हक्क आहे. माहिती अधिकाराचा अर्ज पण मराठीत करता येतो, आणि लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं लिहून घ्यायला माहिती अधिकाऱ्याने मदत करायची हे कलम ६ मध्येच आहे. "अर्ज लिहून आणा" म्हणून परत पाठवणं तिथे चालत नाही.

आता तुमचा खरा मुद्दा, आईला मराठी येतं तर भाषेची तक्रार कशी करायची. अहो मराठी येणं आणि ऑफिसचं पत्र कळणं यात किती अंतर आहे बघा ना. समजा असं पत्र आलं: "उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपले अर्जासोबत आवश्यक दस्तऐवज संलग्न नसल्याने सदर प्रकरणी ७ दिवसांचे आत त्रुटीपूर्तता करावी, अन्यथा प्रकरण निकाली काढण्यात येईल." यात कुठला कागद हे नाही, कुठे द्यायचा ते नाही, सात दिवस कधीपासून ते नाही, आणि धमकी तेवढी आहे. बी.ए. झालेल्या माणसालाही फोन करून विचारावं लागेल. हेच पत्र असं लिहिता येतं: "तुमच्या अर्जाला दोन कागद जोडायचे राहिलेत, पतीच्या मृत्यूचा दाखला आणि या वर्षीची घरपट्टी भरल्याची पावती. ते अमुक तारखेपर्यंत तीन नंबरच्या खिडकीवर द्या. येणं जमत नसेल तर या नंबरवर फोन करा." एवढंच. हे कमी दर्जाचं मराठी नाही, आणि कायद्यात बसत नाही असंही नाही. ट्रेनिंगमध्ये मी लोकांकडून त्यांचीच जुनी पत्रं अशी परत लिहून घ्यायचो, सुरुवातीला साहेब सही करणार नाहीत अशी भीती असायची, साहेबांनी कधी हरकत घेतल्याचं मला आठवत नाही. अक्षर मात्र मोठं ठेवा, छापील मसुद्याच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून अक्षरं इतकी फिकी होतात की चष्मा लावूनही लागत नाहीत.

बोलताना पण तसंच. अहिराणी बोलणाऱ्या आईशी अहिराणीतच बोलणारा शिपाई किंवा क्लार्क त्याच ऑफिसात शंभर टक्के असतो, गाव तिकडचंच आहे, पण "ऑफिसात शुद्ध बोलायचं" या समजुतीने तो गप्प बसतो. कोणाला कुठली बोली, कुठली भाषा येते याची यादी करून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवायची, टेबल नंबर आणि मोबाइलसकट. फुकटचं काम आहे आणि कुठल्याही ऑफिसला जमतं. जिथे माणूस नाही तिथे फोनवर शेजारच्या ग्रामपंचायतीतल्या कोणाला किंवा आशा सेविकेला घ्यायचं. नातवाला किंवा ज्याचा त्या मालमत्तेशी संबंध आहे अशा माणसाला दुभाषी करायचं नाही, वर सांगितलेल्याच कारणाने.

कमी ऐकू येणाऱ्यांशी मोठ्याने ओरडलं की त्यांना शब्द कळत नाहीत, फक्त सगळ्या रांगेला त्यांची घरची गोष्ट कळते. समोर तोंड करून, मास्क बाजूला करून, जरा सावकाश बोलायचं, तरी नाही कळलं तर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवायचं. काचेची खिडकी आणि वर पंखा आणि मागे प्रिंटर, यात चांगल्या कानाच्या माणसाला पण ऐकू येत नाही, म्हणून एक टेबल काचेबाहेर हवं, दोन खुर्च्यांसकट. ऐकू कमी येणं, दिसणं कमी होणं हे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्येही येतं, आणि सार्वजनिक इमारती, सेवा त्यांना वापरता येतील अशा करणं हे ऑफिसचं कायदेशीर काम आहे. आमच्याकडे टोकन नंबर पुकारायचे ते पण कमी ऐकू येणाऱ्याला जाऊन सांगायला एक माणूस ठेवलेला, नाहीतर नंबर निघून जातो आणि माणूस दुपारपर्यंत बसून राहतो.

मोबाइल नंबरबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण यात ज्येष्ठ फार फसतात. ऑनलाइन अर्ज सेवा केंद्रातून भरला की ऑपरेटर बऱ्याचदा स्वतःचाच नंबर टाकतो, ओटीपी पटकन यावा म्हणून. मग त्रुटीचा मेसेज, मंजुरीचा मेसेज, सगळं त्याच्याकडे जातं, आईला काहीच कळत नाही आणि मुदत संपून अर्ज बंद होतो. भरताना नंबर कोणाचा टाकलाय ते पावतीवर बघा, आईकडे साधा फोन असेल तर तिचाच टाका, मेसेज वाचता येत नसेल तर तुमचा टाका, पण तिसऱ्याचा नको. बोटांचे ठसे जुळत नाहीत म्हणून कोणी परत पाठवत असेल तर आधारला डोळ्यांचं स्कॅन आणि चेहऱ्यावरून ओळख पण चालते हे सांगा, कष्टाच्या हातांचे ठसे वयाने झिजतातच, त्यात आईची काही चूक नाही.

काउंटरवरच्या माणसाची बाजूही सांगायला हवी. पदं रिकामी असतात, एका क्लार्ककडे तीन टेबलांचं काम असतं, मार्चमध्ये वसुलीचं प्रेशर असतं, आणि एका आजींना नीट समजवायला वीस मिनिटं लागतात तर मागे रांग ओरडते. हे सगळं खरं आहे. पण ज्या आजींना पहिल्या खेपेला वीस मिनिटं दिली त्या परत चार वेळा येत नाहीत, आणि हे मी नुसतं चांगुलपणा म्हणून सांगत नाहीये, सुविधा केंद्रात गर्दी कमी झाली ती यानेच. सकाळचा पहिला एक तास ज्येष्ठांसाठी ठेवला तर रांगेचा प्रश्नही सुटतो.

आता तुम्ही नेमकं काय करायचं. अर्ज आईच्याच नावाने, तिच्या सहीने. तुम्हाला पाठपुरावा करायचा असेल तर तिच्याकडून साधं अधिकारपत्र घ्या आणि जोडा, म्हणजे फोनवर "तुम्ही कोण" हा प्रश्न येणार नाही. अर्ज घेतच नसतील तर स्पीड पोस्टाने मुख्याधिकाऱ्यांच्या नावे पाठवा किंवा आपले सरकार पोर्टलवर भरा, तिथे नंबर आपोआप मिळतो. वागणुकीची तक्रार वेगळ्या कागदावर करा, मुख्याधिकाऱ्यांकडे, आवकचा शिक्का घेऊन, आणि त्यात विशेषणं घालू नका. कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठल्या खिडकीवर, काय शब्द बोलले गेले, कोणता कागद मागितला, एवढंच लिहा. "उर्मट वागणूक" असं लिहिलं की त्याला "तसे काही घडले नाही" हे उत्तर तयार असतं. "अर्ज घेतला नाही, पोच दिली नाही, मुलाला पाठवा असे सांगितले" याला उत्तर द्यावं लागतं. मागणी पण स्पष्ट लिहा: अर्ज दाखल करून घ्यावा, कमी कागदांची यादी एकदाच सोप्या मराठीत लेखी द्यावी, आणि आईशी अहिराणीत बोलू शकेल असा कर्मचारी नेमून द्यावा.

तिथे हललं नाही तर लोकशाही दिन आहे, तालुक्याला तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याला जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिल्या सोमवारी, महापालिका असेल तर आयुक्तांकडेही. जिल्ह्याच्या लोकशाही दिनासाठी अर्ज पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो, तेवढं लक्षात ठेवा. आईला जायला जमत नसेल आणि नुसता सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे, तिथे फोन करायला सांगा.

आणि सेवा मुदतीत मिळाली नाही किंवा नाकारली तर अपील. पहिलं अपील तीस दिवसांत, त्याच ऑफिसातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. त्यानंतर दुसरं, आणि तिसरं थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे, दुसऱ्याच्या आदेशानंतर साठ दिवसांत. वाजवी कारण नसताना उशीर केला असेल तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये शास्ती होऊ शकते, ती रक्कम त्याच्या खिशातून जाते, म्हणून पहिल्या अपिलाचा कागद गेला की बहुतेक कामं होतात. पोच हातात आली की तिच्यावरची तारीख बघून मुदत कधी संपते तो दिवस मोबाइलमध्ये टाकून ठेवा आणि दुसऱ्याच दिवशी अपील करा, "साहेब रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात बघू" यावर थांबू नका, त्या तीस दिवसांतले दिवस तुमचे जातात.